पंधरा दिवसांच्या इंजेक्शनचे गणित

बारावीच्या वर्गावर किरणोत्सर्गी ऱ्हासाचा पाठ संपवून मी बाहेर पडत होतो. एक विद्यार्थी मागोमाग आला. त्याच्या हातात औषधाच्या खोक्यातील घडीचा कागद होता. "सर, औषधालाही युरेनियमसारखे अर्धायुष्य असते का? यात 'सुमारे दोन आठवडे' असे लिहिले आहे."

"असते," मी म्हणालो.

"मग आणखी एक विचारतो. आईला संधिवातासाठी दर पंधरा दिवसांनी हे इंजेक्शन घ्यावे लागते. ते महाग आहे. महिन्यातून एकदाच घेतले तर खर्च निम्मा होईल; परिणामही निम्मा तरी राहीलच ना?"

मी घाईत होतो. "साधारण तसेच," असे म्हणून पुढच्या तासाला गेलो. संध्याकाळी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा आपण चुकीचे उत्तर दिले हे ध्यानात आले. ते का चुकले हे पाहताना प्रथिनांच्या एका मोठ्या मनोरंजक वर्तणुकीशी ओळख झाली. तीच हकीकत येथे सांगत आहे.

निळीची बादली

ते औषध म्हणजे एक प्रतिपिंड होते. शरीरात शिरलेल्या जंतूंना नेमके ओळखून चिकटणारी जी प्रथिने आपले रक्त बाळगते, त्यांना प्रतिपिंडे किंवा अँटिबॉडी म्हणतात. एकाच प्रकारचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तेवढे तयार करण्याची युक्ती जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधून काढली. त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नील्स जेर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज कर्करोग, संधिवात, दमा अशा अनेक रोगांवर अशी औषधे वापरली जातात. त्यांतील बहुतेक आपल्या रक्तातील आयजीजी या प्रतिपिंडाच्या साच्यावर घडवलेली असतात.

आता एक बादली घ्या. तीत सहा लिटर पाणी भरा आणि निळीचे थेंब टाकून ढवळा. रोज सकाळी एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, निळे पाणी काढून टाका आणि तेवढेच स्वच्छ पाणी ओता. पहिल्या दिवशी निळीचा तिसावा भाग गेला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या निळीचा तिसावा भाग गेला. रोज जाणारी नीळ कमी कमी होते, पण उरलेल्याशी तिचे प्रमाण तेच राहते. निळेपणा निम्मा व्हायला किती दिवस लागतील? हिशेब केला तर सुमारे २० दिवस येतात. पुढच्या २० दिवसांत उरलेल्याचा निम्मा, म्हणजे मूळच्या पाव भाग उरतो. किरणोत्सर्गी पदार्थाचा नियमही हाच.

हे आकडे मी उगाच घेतलेले नाहीत. माणसाच्या शरीरात आयजीजी साधारण एवढ्याच आकारमानाच्या द्रवात पसरलेले असते आणि दिवसाकाठी पेलाभर द्रवातूनच ते नाहीसे होते. या पेलाभर आकारमानाला वैद्यकात क्लिअरन्स म्हणतात. आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवस आहे. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य दोन ते तीन तासच असते. म्हणून ती गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि प्रतिपिंड पंधरा दिवसांतून एकदा घेतले तरी चालते.

माझी चूक

विद्यार्थ्याच्या आईच्या औषधाचे अर्धायुष्य दोन आठवडे आहे आणि मात्रा ४० मिलिग्रॅम. सोयीसाठी आपण पंधरवडा १४ दिवसांचा धरू आणि इंजेक्शन घेताच सर्व औषध रक्तात आले असे मानू.

पहिल्या इंजेक्शननंतर शरीरात ४० मिलिग्रॅम. चौदा दिवसांनी उरले २०. दुसरे इंजेक्शन घेतले, झाले ६०, उरले ३०. तिसरे घेतले, झाले ७०; उरले ३५. चौथ्यानंतर ७५, मग ३७.५. ही भूमिती श्रेढी कोठे जाऊन थांबते ते तुमच्या लक्षात आलेच असेल. इंजेक्शननंतर ८० आणि पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या घटकेला ४०, या दोन आकड्यांमध्ये औषध वरखाली होत राहते.

आता इंजेक्शनांतील अंतर २८ दिवसांचे करा. या काळात दोन अर्धायुष्ये उलटतात, म्हणून पाव भागच उरतो. ४० चे १०, मग ५० चे १२.५, मग ५२.५ चे १३.१. ही श्रेढी वर सुमारे ५३.३ आणि खाली सुमारे १३.३ वर स्थिरावते.

म्हणजे औषध निम्मे केले, तर शरीरातील सरासरी प्रमाण निम्मे होते खरे. पण नीचांक ४० वरून १३.३ वर, म्हणजे एकतृतीयांशावर येतो. दुखणे काही सरासरी पाहून थांबत नाही. सांधे सुजायचे तर ते त्या शेवटच्या आठवड्यातच सुजणार. माझे "साधारण तसेच" हे उत्तर येथे फसले होते.

पण बादलीचे गणित तरी कितपत खरे? रोज ठरावीकच भाग जातो, हे आपण गृहीत धरले. शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा प्रतिपिंडांनी हा नियम दोन ठिकाणी मोडल्याचे दिसले, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी.

रेषा केव्हा वाकते?

मोजमाप कसे करतात ते आधी पाहू. पूर्वी प्रथिनाला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ जोडून ते टोचीत आणि किरणांची मोजणी करीत. यात एक मेख आहे. आयोडीनचे स्वतःचे अर्धायुष्य आठ दिवस. प्रथिन २१ दिवसांनी निम्मे होत असेल आणि त्यावरचे आयोडीन आठ दिवसांनी, तर मोजणी निम्म्यावर यायला किती दिवस? दोन्ही ऱ्हासांच्या वेगांची बेरीज होते, म्हणून अर्धायुष्यांचे व्यस्तांक मिळवायचे: १/२१ + १/८ = २९/१६८. उत्तर सुमारे ५.८ दिवस. आयोडीनचा वाटा वजा केला की मगच प्रथिनाचा खरा ऱ्हास कळतो.

मिळालेल्या प्रमाणाचा लॉगॅरिथम काढून तो दिवसांसमोर मांडला, तर बादलीच्या नियमाने सरळ रेषा यायला हवी. प्रत्यक्षात सुरुवातीचे काही दिवस रेषा अधिक उतरती असते, कारण औषध रक्तातून ऊतींतील द्रवात झिरपत असते. त्यासाठी नळीने जोडलेल्या दोन बादल्या कल्पिल्या की काम भागते. शरीराला असे कप्प्यांत विभागून समीकरणे मांडण्याचा पाया स्वीडनमधील उप्साला येथील टॉर्स्टेन टिऑरेल यांनी १९३७ मध्ये घातला. हे वळण काही नियम मोडत नाही. खरे कोडे पुढेच आहे.

सशाच्या पिल्लांपासून सुरुवात

आयजीजी मूत्रातून का जात नाही, याचे उत्तर सोपे आहे. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण आयजीजीचे रेणुवस्तुमान दीड लाखाच्या घरात आहे. तो रेणू त्या गाळणीतून जात नाही. मात्र गाळणीतून वाचला तरी धोका टळत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी भोवतालच्या द्रवाचे बारीक घोट सतत घेत असतात आणि त्यांतील प्रथिने पचवून टाकतात. आयजीएम नावाचे प्रतिपिंड आयजीजीच्या जवळजवळ सहापट जड आहे. तरी त्याचे अर्धायुष्य पाचच दिवसांचे. मग आयजीजी तीन आठवडे कसे टिकते?

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांच्या रक्तात आयजीजी फार वाढलेले असते, अशा रुग्णांत ते अधिक वेगाने नष्ट होते आणि ज्यांच्यात फार कमी असते, त्यांच्यात ते जास्त दिवस टिकते. बादलीच्या नियमात असे होणे शक्यच नाही.

हे कोडे एका प्राणिशास्त्रज्ञाने सोडवले. वेल्समधील बँगॉर येथील प्राध्यापक एफ. डब्ल्यू. रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अभ्यासाचा विषय होता आईकडून पिलाला मिळणारी प्रतिकारशक्ती. सशाच्या न जन्मलेल्या पिल्लांत आईची प्रतिपिंडे पोहोचतात, पण सगळ्याच प्राण्यांची प्रतिपिंडे सारख्या प्रमाणात पोहोचत नाहीत, असे त्यांना आढळले. यावरून पेशीत ओळख पटवून प्रतिपिंडांना सुखरूप पलीकडे नेणारे कोणी तरी ग्राही प्रथिन असावे, असा तर्क त्यांनी केला. १९६४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती रूपात पुढचे पाऊल टाकले. रक्तातील आयजीजी वाचवणारी यंत्रणाही अशीच असली पाहिजे आणि तिच्यातील जागा मर्यादित असल्या पाहिजेत, असे त्यांनी मांडले.

हे गणित समजायला चिंचोके पुरेत. चिंचोके फोडून ६४ अर्धुके घ्या. खेळात कवड्यांऐवजी टाकतो तशी ती टाका. पांढरी बाजू वर आली ते पेशीने गिळले असे समजा. साधारण निम्मे, म्हणजे ३२ गिळले जातील. आता एक होडी कल्पा. तीत १२ जागा आहेत. गिळलेल्यांपैकी १२ होडीत बसून रक्तात परत येतात. राहिलेले २० नष्ट होतात. ६४ पैकी २० म्हणजे ३१ टक्के गेले. आता ३२ चिंचोक्यांपासून सुरुवात करा. गिळले १६, वाचले १२, गेले फक्त ४, म्हणजे साडेबारा टक्के. आणि २४ पासून सुरुवात केली, तर गिळले जातात १२ आणि बाराही परत येतात. म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितका नष्ट होणाऱ्यांचा शेकडा अधिक! खऱ्या शरीरात होडी इतकी बिनचूक नसते, पण कोड्याचे मर्म हेच.

ब्रॅम्बेल १९७० मध्ये वारले. ती होडी त्यांनी पाहिली नव्हती. कागदावरच्या गणितातून ती असलीच पाहिजे असे सांगितले होते. ज्या ग्राही प्रथिनाची ही कामगिरी, त्याचे जनुक १९८९ मध्ये हाती आले. १९९६ मध्ये ज्या उंदरांत हे प्रथिन तयारच होऊ शकत नाही अशा उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्या रक्तातून आयजीजी कितीतरी पटीने लवकर नाहीसे झाले. तर्क खरा ठरला. पेशीच्या आत, घोट साठवणाऱ्या पुटिकेत, वातावरण आम्लधर्मी असते, पीएच सुमारे ६. तेथे हा ग्राही आयजीजीची शेपटी घट्ट पकडतो. पेशीच्या पृष्ठभागावर येताच रक्ताचा पीएच ७.४ लागतो आणि पकड सुटते. प्रवासी उतरतो, होडी परत जाते.

शेपटीचे महत्त्व आणखी दोन उदाहरणांत दिसते. १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड-औषध उंदराच्या प्रतिपिंडाचे होते. माणसाच्या होडीला उंदराची शेपटी ओळखू येत नाही. ते एक-दोन दिवसांतच निम्म्यावर येई. आपल्याकडे सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविषही घोड्याच्या प्रतिपिंडांपासून बनते, पण त्याची शेपटी पेप्सिन या एन्झाइमने कापून टाकलेली असते. त्यालाही होडीत जागा नाही.

दुसरे वळण उलट दिशेचे

आता नियम मोडण्याचा दुसरा प्रकार पाहू. ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅमच्या मात्रेचे अर्धायुष्य सरासरी १.७ दिवस भरले आणि ५०० मिलिग्रॅमच्या मात्रेचे १२ दिवस. येथे उलटा प्रकार झाला: औषध थोडे तर लवकर संपते, जास्त तर टिकते.

याचे कारण औषधाचे लक्ष्य. हे औषध काही पेशींच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाला चिकटते. मग पेशी ती जोडी आत ओढून पचवते. म्हणजे औषध ज्याला मारायला जाते, तेच औषधाला खाते. पण त्या लक्ष्याची संख्या मर्यादित असल्याने खाण्यालाही मर्यादा आहे.

पुन्हा चिंचोके घ्या. समजा, लक्ष्य प्रत्येक फेरीला चारच चिंचोके खाऊ शकते. ६४ असतील तर ४ म्हणजे सहा टक्के गेले, त्याची दखलही नको. १६ असतील तर ४ म्हणजे पाव भाग. ८ असतील तर एका फेरीत निम्मे खलास.

एस. टी. स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी असावी, तसे हे आहे. रांग कितीही लांब असली तरी तासाला ठरावीक तिकिटेच निघतात. याचे समीकरण रसायनशास्त्रात मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये एन्झाइमांसाठी दिले होते. औषधाची संहती 'स', नाश होण्याचा कमाल वेग 'ब', आणि ज्या संहतीला वेग कमालीच्या निम्मा होतो ती 'म', असे मानले तर

नाशाचा वेग = ब × स ÷ (म + स)

'स' फार मोठा असला की छेदातील 'म' नगण्य ठरतो आणि वेग 'ब' इतकाच राहतो: खिडकीवर गर्दी आहे. 'स' फार लहान असला की वेग 'स' च्या प्रमाणात बदलतो: खिडकी मोकळी आहे आणि आलेला प्रत्येक जण लगेच आत जातो. यात बादलीतून रोज जाणारा पेला मिळवला, की खऱ्या औषधाचा वाकडा आलेख बराचसा जुळतो. लक्ष्यच औषधाला संपवते या कल्पनेला १९९४ मध्ये गेरहार्ड लेव्ही यांनी नाव दिले आणि २००१ मध्ये मेगर व जस्को यांनी तिची सर्वसाधारण समीकरणे मांडली.

दोन्ही वळणे शेजारी ठेवून पाहा. होडीत वाचवण्याच्या जागा मर्यादित, म्हणून गर्दी वाढली की नाश वाढतो. खिडकीवर नष्ट करण्याच्या जागा मर्यादित, म्हणून गर्दी वाढली की नाशाचे प्रमाण घटते. आलेख कोणत्या टोकाला आणि कोणत्या बाजूला वाकतो, एवढ्यावरून न दिसणाऱ्या रेणूंच्या जगात काय चालले असेल याचा अंदाज बांधता येतो. रेषेवर न बसणारे बिंदू प्रयोगवहीत खोडून टाकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गणिताचा उपयोग

होडीचे रहस्य कळल्यावर शास्त्रज्ञांनी प्रतिपिंडाच्या शेपटीतच सुधारणा केली. निरसेव्हिमॅब हे तान्ह्या मुलांना श्वसनमार्गाच्या एका विषाणूपासून वाचवणारे औषध २०२२ मध्ये युरोपात मान्य झाले. त्याच्या शेपटीतील तीन अमिनो आम्ले बदलल्यामुळे होडीतील पकड घट्ट झाली आणि अर्धायुष्य सुमारे ७० दिवसांवर गेले. पाच महिन्यांचा, म्हणजे १५० दिवसांचा हंगाम धरा. अर्धायुष्य २१ दिवस असते, तर हंगामाअखेर मूळ औषधाचा एक टक्काही उरला नसता. ७० दिवसांमुळे सुमारे २३ टक्के उरते. बाळाचे वजन वाढते तशी औषधाची संहती आणखी कमी होते, तरी एका इंजेक्शनमध्ये हंगाम निभावतो.

याच ग्राहीमुळे आईची आयजीजी वारेतून बाळाला मिळते आणि जन्मानंतर हळूहळू ओसरते. गोवराची लस आपल्याकडे नऊ महिने पुरे झाल्यावर देतात, त्याचे एक कारण हेच. आईची प्रतिपिंडे भरपूर असताना लस टोचली, तर ती लशीतील विषाणूलाच निष्प्रभ करतात.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून ४० आणि १३.३ चे गणित दाखवले आणि आपली चूक कबूल केली. आणखी एक गोष्टही सांगितली. शरीर कधी कधी औषधालाच परके मानून त्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवते. मग औषध आणखी झपाट्याने नाहीसे होते. औषधाची पातळी खाली गेली किंवा मध्ये खंड पडला, की ही शक्यता वाढते, असे या जातीच्या काही औषधांबाबत आढळले आहे. म्हणजे १३.३ हा आकडासुद्धा आशावादी ठरू शकतो.

त्याने थोडा वेळ कागदाकडे पाहिले. "मग सर, अंतर कधीच वाढवता येत नाही?"

येते. रोग बराच काळ शांत असेल आणि रक्तातील औषधाची पातळी मोजून ती पुरेशीहून अधिक आढळली, तर डॉक्टर अंतर वाढवतातही. पण ते मोजून करायचे, पैशाकडे पाहून परस्पर नव्हे. "हा कागद घेऊन आईबरोबर डॉक्टरांकडे जा आणि खर्चाची अडचणही त्यांना मोकळेपणी सांग," एवढेच मी म्हणालो. त्याने कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

तुम्हीही एक करून पाहा. चौसष्ट चिंचोके घेऊन तिन्ही खेळ दहा-दहा फेऱ्या खेळा: नुसती बादली, होडी आणि खिडकी. बादलीच्या खेळात पांढरी बाजू वर आलेले सगळे काढून टाका. दर फेरीला उरलेले मोजा, त्यांचे लॉगॅरिथम काढा आणि आलेख मांडा. एक रेषा सरळ येईल, एक सुरुवातीला झपाट्याने उतरून पुढे मंदावेल, एक उत्तरोत्तर अधिक उतरती होत जाईल. मग आलेखांवरील नावे झाकून ते वर्गमित्राला दाखवा आणि कोणता कोणत्या खेळाचा ते ओळखायला सांगा. औषधांचा अभ्यास करणारे गणिती हेच करतात. फक्त त्यांच्यापुढील आलेखांवर नावे आधीपासूनच झाकलेली असतात.